मापाच्या वहीचा फोटो

परक्या बाईच्या अंगाची मापं तुमच्या फोनवर आली, तर तुम्ही आधी काय करता? डोळे मिटता, की दोन बोटांनी फोटो मोठा करता? खरं सांगा.

आमच्या गल्लीच्या टोकाला टेलर मावशी आहेत. खोली एवढीशी, की गिऱ्हाईक आत घ्यायचं तर इस्त्रीचं टेबल बाहेर सरकवावं लागतं. मावशी तोंडाच्या फटकळ, पण पोटातलं ओठावर कधी येणार नाही. त्यांच्या वहीत प्रत्येकीचं एक पान. नाव, नंबर, मापं आणि खाली बारीक अक्षरात शेरे. ‘डावा खांदा उतरता.’ ‘कंबर सांगते त्याहून दोन इंच जास्त.’ कुणी वही उचलली की म्हणायच्या, “ठेव खाली. पेपर आहे का तो?”

बँकेत काउंटरवर बसणारी एक बाई सहा वर्षं त्यांच्याकडून कपडे शिवून घेते. तिच्या पानावर होतं, ‘ऑपरेशननंतर उजवी बाजू सपाट. आतून पॅडसाठी खिसा.’ डॉक्टर सोडले तर हे तिला, नवऱ्याला आणि मावशींनाच ठाऊक.

मावशींच्या भाचीने हौसेने दुकानाचं ऑनलाइन पेज काढलं. त्या बाईचा निळा ड्रेस झाला, भाचीने त्याचा फोटो पेजवर टाकला. शिवलेला कपडा वहीशी ताडून पाहिल्याशिवाय मावशी देत नाहीत, त्यामुळे फोटोत शेजारी वही उघडीच, त्या बाईच्या पानावर. मावशी-भाची दोघी लेस नीट दिसते का तेवढंच बघत बसल्या. संध्याकाळपर्यंत ते पान सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होतं, हसऱ्या चेहऱ्यांसकट.

दोन दिवसांनी ती बाई जेवणाच्या सुट्टीत आली.

“मावशी, माझं उरलेलं कापड द्या.”

“अगं, दुसऱ्या ड्रेसचा गळा तेवढा राहिलाय.”

“राहू दे. ऑफिसात आता माझ्याशी बोलताना कुणाची नजर वर येत नाही.”

मावशींनी कापड पिशवीत भरलं.

“मी लगेच डिलीट केला गं मावशी,” भाची रडत म्हणाली.

“तुझ्याकडचा केलास. लोकांकडचा?”

मग मावशी माझ्याकडे आल्या. नळाच्या पाण्यापासून पोलीस चौकीपर्यंत भांडून आलेली मी. म्हटलं, हे काय मोठं. पेजवाल्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, फोटो नियमांत बसतो. ग्रुप चालवणारे काका म्हणाले, “ताई, ग्रुपवरनं काढला. आता लोकांच्या खिशात हात घालू का?” मी त्यांना नको नको ते बोलले. माणूस बरोबर बोलत होता, म्हणून तर जास्त चिडले.

मावशी रोज विचारतात, “निघाला का गं?” कपड्यावरचा डाग विचारावा तसं.

हे लिहू का, म्हणून त्या बाईलाच विचारलं. ती म्हणाली, “लिहा. माहीत नाही असं राहिलंय कोण?”

तो फोटो तुमच्या फोनमध्येही असेल. मोठा न करता पुसून टाका. पुसला म्हणून मला कळवू नका, आणि तिला तर मुळीच नको.