अर्ध्यावर सोडलेलं प्लास्टिक

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. हॅमिल्टनमध्ये आमचं एक घर आहे, भाड्याने देतो ते. त्याच्या कागदावर मी खोटं लिहून सही केली होती.

घर जुनं, लाकडी, खुंटांवर उभं. आम्ही स्वतः रोटोटुनाच्या नव्या वस्तीत राहतो. भाड्याचं घर उबदार आणि कोरडं असलंच पाहिजे, असा इथला कायदा आहे. हीटर केवढा, छतात ऊब धरणारा थर किती जाड, सगळं घरमालकाने लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. त्यातली एक अट घराखालच्या उघड्या मातीची. तिच्यावर जाड प्लास्टिक अंथरायचं, म्हणजे ओल वर चढत नाही.

बायको म्हणाली होती, माणूस बोलवा. मी म्हटलं, प्लास्टिक अंथरायला माणूस कशाला? पुण्यात इंजिनिअरिंग काय उगाच केलं?

घराच्या बाजूला एक बुटकं दार असतं, तिथून पोटावर सरपटत आत जायचं. चार-पाच मीटर गेलो आणि पाठ वरच्या तुळईला अडकली. पुढे सरकता येईना, मागे येता येईना. तोंडापाशी ओली माती. किती वेळ तसा पडून होतो कोण जाणे. मी रडलो. शेवटी शर्ट फाटला आणि सुटलो. बाहेर येऊन बसलो. पुन्हा आत गेलो नाही. दारातून टॉर्च मारला की जेवढं दिसतं, तेवढ्यात प्लास्टिक छान ताणून बसवलं आणि तिथूनच फोटो काढला. फोटोत सगळीकडे प्लास्टिकच दिसत होतं. उरलेला रोल गराजमध्ये लॉनमोवरच्या मागे ठेवला आणि फॉर्मवर 'होय'वर खूण केली.

भाडेकरू म्हणून आपल्यातलंच कुटुंब मिळालं. दोघं इथे शिकायला आलेले, नुकतेच रेसिडेंट झालेले. तो दुधाच्या कारखान्यात, ती एका वृद्धाश्रमात, मुलगी पाच वर्षांची. मुलीची आई मला दादा म्हणायची. किल्ल्या देताना मी तो कागद पुढे केला, वाचून घे म्हणालो.

"दादा, तुम्ही सही केलीय ना? मग मी काय वाचणार त्यात?"

पहिल्याच हिवाळ्यात मुलीला खोकला धरला. दर तीन महिन्यांनी मी घर बघायला जायचो. त्या खेपेला मुलीच्या वॉर्डरोबमागे काळी बुरशी दिसली. तिची आई ओशाळली. शिफ्टमुळे कपडे घरातच वाळत घालते, कुकरची वाफ असते, माझंच चुकतं, असं काहीबाही सांगत राहिली. त्या खोलीच्या बरोबर खाली उघडी माती होती. मी तिच्यावर उभा होतो.

"कपडे बाहेर वाळत घालत जा," मी म्हणालो. "आणि सकाळी खिडक्या उघड."

तिने ते ऐकलं. हे लिहिताना हात अडतो. इथे जुलैत हिवाळा; त्या थंडीत ती सहाला उठून काचांवरचं पाणी फडक्याने पुसायची. ओले कपडे गाडीत घालून लॉन्ड्रीत न्यायची. कुकरची शिटी व्हायला आली की तो उचलून मागच्या पायरीवर ठेवायची. मुलगी ब्लँकेट गुंडाळून उघड्या खिडकीशी कार्टून बघायची. कसं वाटतंय विचारलं की "आय ॲम गुड, काका" म्हणायची आणि खोकायची.

दुसऱ्या हिवाळ्यात मुलीला ॲडमिट केलं. मी मुगाची खिचडी घेऊन गेलो. मी तिथे असतानाच डॉक्टर आल्या. घर दमट आहे का, मालक लक्ष देतो का, विचारू लागल्या. तसं असेल तर सांगा, कायदा तुमच्या बाजूने आहे, म्हणाल्या. मुलीच्या आईने माझ्याकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, की हेच आमचे लँडलॉर्ड, मला भावासारखे आहेत. घराचं काही नाही, मीच कपडे आत वाळत घालायचे.

डॉक्टर माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. डबा दोन्ही हातांत होता.

बोललो असतो तर फार तर भाड्याचे तंटे सोडवणाऱ्या ट्रिब्युनलसमोर उभा राहिलो असतो. ते जमलं असतं. घराखाली अडकून रडलो, हे चारचौघांत सांगणं जमलं नसतं. तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला वेलिंग्टनला नोकरी लागली आणि ते तिथून जवळच्या पोरिरुआला राहायला गेले. घर रिकामं झालं तसा मी रोल काढला आणि पुन्हा त्या दारातून आत शिरलो. या वेळी शेवटपर्यंत गेलो. मुलीच्या खोलीखालच्या मातीत कोपर रुतत होतं. प्लास्टिक अंथरून झाल्यावर दम खायला तसाच पडून राहिलो. तेव्हा वरून खोकला ऐकू आला. घराला कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती.

अजूनही येतो तो. रोटोटुनातलं आमचं घर काँक्रीटवर आहे, खाली बोटभर जागा नाही. तरी थंडी पडली की जेवताना, भांडी घासताना पायाखालून येतो. बायको विचारते, काय ऐकताय? मी म्हणतो, काही नाही.

दर दिवाळीला मुलीच्या आईचा फोन असतो. मुलगी मोठी झालीय. शाळेच्या बॅगेत दम्याचा पंप ठेवावा लागतो, नेटबॉल खेळायच्या आधी दोनदा ओढावा लागतो. गेल्या दिवाळीला ती सांगत होती, "दादा, इथे मी रुमालसुद्धा आत वाळत घालत नाही. एकदा चुकले ना." मागून मुलीचा हसण्याचा आवाज आला, "मम अँड हर वॉशिंग!" मी फराळाचं विचारलं. चकल्या कशा झाल्या वगैरे.

तिचं काही चुकलं नव्हतं. घराखाली प्लास्टिक नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं. हे तिला सांगायचं मी देणं लागतो, मुलीच्या देखत.