फुलं नसलेला हार

ओम आणि सई, हे फोनवर सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहितेय. आताच का, तर तुमचे आजोबा हल्ली बरंच विसरतात. परवा म्हणाले, "मी कधी होतो दवाखान्यात?" म्हणजे त्या दुपारची साक्षीदार आता मी एकटीच उरले.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलेली बाई मी... हरवलेली वस्तू कुठेतरी असतेच, एवढंच मी मानत आले.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. मखमलाबादचं आपलं घर, वरची मागची खोली. आजोबांना तिथे वेगळं ठेवलं होतं. ताप उतरलेला, खोकला जवळजवळ नाही. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, मी त्यांचा ऑक्सिजन मोजून वहीत लिहायचे. फोनवर सगळे एकच विचारत — दम लागतो का? नाही ना? मग घाबरू नका.

त्या सकाळी वसंतकाकांनी, म्हणजे आजोबांच्या शेतावरच्या धाकट्या भावाने, फाटकापाशी झेंडूची टोपली ठेवली. "वहिनी, मार्केट बंद हे, फुलं लय पडलीत. दादाला ओवू द्या, नुसता झोपून काय करील!"

आजोबा खूश. देवाचा हार लहानपणापासून तेच ओवत.

दोन वाजता ऑक्सिमीटरवर अठ्ठ्याहत्तर आलं. माझ्या बोटाला लावून बघितलं, अठ्ठ्याण्णव.

"अहो, दम लागतोय का?"

"दम? तुझ्या प्रश्नांनी लागेल!" त्यांनी उजवा हात पुढे केला. सुईने निबर झालेली बोटं, चामड्यासारखी. "साठ वर्षं हार ओवतोय. यातून तुझ्या खेळण्याला रक्त दिसणार कसं?"

मला ते पटलं. एवढी शिकलेली मी, आणि पटलं! आकड्यापुढे नीट अक्षरात लिहिलं — 'बोट निबर'. पुढचं माप आठला.

चारच्या सुमारास आतून हाक आली, "अगं, हार झाला, घेऊन जा."

दार उघडलं. आजोबा पलंगावर ताठ बसलेले, हसतमुख. ओठ मात्र जांभळं खाल्ल्यासारखे. दोन्ही हातांवर त्यांनी हार जपून धरला होता... आणि तो नुसता दोरा होता. लांब, पांढरा, टोकं एकत्र गाठ मारून बांधलेली. एकही फूल नाही. टोपली रिकामी.

"फुलं कुठायत?"

"आंधळी झालीस का? बघ किती दाट झालाय. आई बसली होती ना मदतीला."

सासूबाईंना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

मी ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. एकोणसत्तर. मग डाव्या हाताची करंगळी, जिला सुई कधी लागलीच नव्हती — सदुसष्ट.

मी फोन केला तसे वसंतकाका फुलांची पिकअप घेऊन आले. आजोबा जिना स्वतः उतरले, वर मलाच म्हणाले, "सावकाश ये, पडशील." दर पायरीला मला वाटत होतं, हा माणूस आता बोलता बोलता संपणार. दवाखान्यात डॉक्टरांनी आकडा बघितला, आजोबांकडे बघितलं, पुन्हा आकडा बघितला. "हे चालत आले?"

नंतर त्यांनी मला समजावलं. या आजारात रक्तातला ऑक्सिजन घटत जातो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून कित्येकांना दम लागतच नाही. आई दिसली तीही मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. हे सगळं मला मान्य आहे.

पण फुलं? खिडकीला जाळी. दाराबाहेर दोनपासून मी स्वतः खुर्ची टाकून बसलेली. दुसऱ्या दिवशी वसंतकाकांनी आणि मी गादी उलटली, पलंग सरकवला, बाथरूमच्या मोरीची जाळीसुद्धा काढली. एक पाकळी नाही. वसंतकाका हळूच म्हणाले, "वहिनी, नका शोधू आता." त्या खोलीत ते पुन्हा कधी आले नाहीत.

आणि अजूनही मला दचकवतं ते वेगळंच. आजोबांचे हात झोपेतही हार ओवतील. तो पुरा होऊन आला असता, तर त्यांच्या ओठांकडे न बघता मी तो देवाला घातला असता आणि वही घेऊन आठ वाजायची वाट बघत बसले असते. डॉक्टर म्हणाले होते, आठपर्यंत ते राहिले नसते.

फुलं कुठे गेली, मला आजही सांगता येत नाही. आजोबा खाली अंगणात ऊन खात बसलेत. दोरा माझ्या कपाटात आहे, वहीच्या त्याच पानात. गाठ तशीच आहे.