बोटीवरून उतरण्याचं वेळापत्रक

भूमध्य समुद्र मी वीस वर्षं शिकवला. वर्ध्याच्या शाळेत, नववीच्या वर्गात, निळ्या खडूनं. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबू-संत्री. एवढं लिहिलं की पोरगं नापास होत नसे. हा समुद्र खरोखर कुठेतरी आहे आणि माणसाला त्यात नेऊन सोडता येतं, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. आलं असतं तर इतक्या निर्धास्तपणे शिकवला नसता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. दिवाळीच्या आसपास माझ्या मेव्हण्याचं इंग्लंडहून पत्र आलं. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, एकुलता एक, तिकडे डॉक्टर. लिहिलं होतं की मे महिन्यात तुम्हा दोघांना बोलावतो, विमानाची तिकिटं मी पाठवतो, जिनोआहून बोटीत बसू आणि आठ दिवस भूमध्य समुद्रात फिरू. घरी बोलावलं तर मी चोवीस तास दवाखान्यातच असतो, बोटीवर मला कोणी बोलावू शकत नाही. त्याची बायको तिकडचीच. तिला पाणी नुसतं हललेलं पाहिलं तरी मळमळतं म्हणून ती येणार नव्हती. म्हणजे आम्ही तिघंच.

खाली माझ्यासाठी वेगळा परिच्छेद होता. बोट प्रत्येक बंदरावर दिवसभर थांबते. बोटवाले आपली बस काढतात, पण त्यात वाट दाखवणाऱ्या गाइडच्या छत्रीमागे पळावं लागतं. बाईच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. (मोठ्या बहिणीला तो बाई म्हणतो.) तेव्हा आपलं आपण उतरू. भाऊजी, तुम्ही भूगोलाचे मास्तर, सगळा कार्यक्रम तुम्ही आखा. आणि एकही तास रिकामा ठेवू नका.

माझी छाती फुगली. फुगायचं कारण नव्हतं. तोवर मी पूर्वेला नागपूर आणि पश्चिमेला मुंबई यांच्या पलीकडे गेलो नव्हतो, आणि त्या दोघांच्या मध्येही एकदा हरवलो होतो. त्याचं असं झालं, लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. मुंबईहून परत येताना मी भुसावळला केळी घ्यायला उतरलो. घासाघीस जरा रंगली आणि गाडी निघून गेली. बायको तान्ह्या पोरीसह वर्ध्याला पोचली. मी दुसऱ्या दिवशी दोन डझन केळी घेऊन पोचलो. त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम झाला: गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर. शेजारच्या पुलगावला जायचं असलं तरी. आम्हाला पाहून वर्ध्याचे हमाल म्हणत, मास्तर आले म्हणजे गाडीला अजून वेळ आहे.

बायकोनं पत्र वाचून बाजूला ठेवलं. भुईमुगाच्या शेंगा सोलत होती, त्या सोलत राहिली. मग म्हणाली, "मले बोट नाई पाह्याची. मले त्याले एक इचाराचं हाय."

काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं, आष्टीतल्या तिच्या माहेरच्या सगळ्या गल्लीलाही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. अकरा दिवस आजारी होत्या. बायको उशाशी होती. त्या गेल्या तशी मेव्हण्याला तार केली. त्याची उलट तार आली, येतो. त्या एका शब्दावर माती एक दिवस थांबवली. वर्ध्याहून बर्फाच्या लाद्या पोत्यात गुंडाळून नेल्या. मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी कोणी ना कोणी जाऊन पाहून आलं. तो आला नाही. नंतर पत्रं आली, दर महिन्याला, हवापाण्याची, पोरांच्या शाळेची. त्या दिवसाबद्दल एक ओळ नाही.

"पत्रात विचार ना," मी तेव्हाही म्हणालो होतो.

"पत्रात त्याचं तोंड दिसते काय?" ती म्हणाली होती.

तर मी कामाला लागलो. दोनशे पानी वही घेतली. शाळेच्या नकाशातला भूमध्य समुद्र माझ्या चार बोटांएवढा होता, त्यात नेपल्स म्हणजे शाईचा ठिपका. नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक प्रवासाचं पुस्तक आणलं. ते लढाईच्या आधीचं निघालं, त्यात घोडागाडीचे दर होते. वकिलातींना पत्रं लिहिली. एका वकिलातीनं सुंदर रंगीत कागद पाठवले, त्यावर नुसत्या पोहणाऱ्या बायका. ते हेडमास्तरांनी अभ्यासासाठी म्हणून ठेवून घेतले.

वर्ध्यातल्या आमच्या नालवाडीत शेजारी एक रेल्वेतले निवृत्त गार्ड राहत. त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. ते रोज संध्याकाळी येऊन वही तपासत. वास्तविक त्यांनी समुद्र फक्त मुंबईला, तोही ड्युटीवरून सुटल्यावर पाहिलेला. पण गाडी सोडून देण्याच्या कामात उभी हयात गेलेली, त्यामुळे मागे राहिलेल्या माणसांबद्दल त्यांना फार खोल ज्ञान होतं.

"बोट किती वाजता सुटते नेपल्सहून?"

"पाचला."

"मंग तुमी धक्क्यावर कधी?"

"तीनला. दोन तास आधी."

"दोन? भुसावळ नोहे ते मास्तर. परदेश हाय. तीन ठेवा."

मी तीन ठेवले. मग हिशेब असा झाला. बोट सकाळी आठला लागणार. उतरण्याची रांग एक तास. चालत गावात जाणं, बायकोच्या गुडघ्यासकट, एक तास. रस्ता चुकणं अर्धा तास. हा मी प्रामाणिकपणे मांडला होता. जेवण, म्हणजे घरून नेलेली शेव आणि तिळाचे लाडू, अर्धा तास. परत येणं एक तास. दोनला धक्क्यावर. उरला दोन तासांचा तुकडा. त्या दोन तासांत मी एक किल्ला, दोन चर्च आणि एक संग्रहालय बसवलं. बसवलं म्हणजे आमच्या शाळेत एका बाकावर पाच पोरं बसवतो तसं.

बायको मधून मधून वहीत डोकावायची.

"अवो, यात बसाचं कोठी हाय?"

"कोणाला बसायचं आहे?"

"आमाले. मी अन् तो. एक घंटा रिकामा ठेवा कोठीतरी."

"तो म्हणतो, एकही ठेवू नका."

"तो म्हणते म्हणून?" ती म्हणाली. "तुमी त्याचे नवकर हाय काय?"

मी म्हणालो, आठ दिवस बोटीवर आहोत, बोलायला जागाच जागा आहे. हे बोलताना मी वहीतून मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मलाही तो रिकामा तास नको होता. बहीण-भावाची जुंपली की मी कुठे बघायचं? चर्च असलं की बरं, वर छताकडे तरी पाहता येतं.

एप्रिल संपेपर्यंत मी पार थकलो. ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं, पेपर तपासणं चालू, व्हिसासाठी मुंबईच्या दोन खेपा, दोन्ही वेळा कुठलातरी कागद नालवाडीच्या घरात राहिलेला. वही मात्र भरली. प्रत्येक बंदराची चार पानं. घरातून निघालो तेव्हा मला असं वाटत होतं की आपण जाऊन आलो, आता परत कशाला?

बोटीचं वर्णन करत नाही. मोठी होती. जेवणाच्या टेबलावर आठ खुर्च्या, त्यातल्या पाच परक्यांच्या. मेव्हणा त्यांच्याशी इंग्रजीत हसून बोलायचा. डॉक्टर आहे कळल्यावर लोक त्याला पाठ दाखवायला लागले, गुडघे दाखवायला लागले, आणि तो हौसेनं बघायचा. बायको डेकवर खुर्ची धरून बसायची, शेजारची खुर्ची पिशवी ठेवून राखायची. तो लांबून हात करायचा, "आलोच बाई!" आणि पत्ते खेळायला जायचा. त्याचे केस पांढरे झाले होते. आमची त्याच्या लग्नानंतरची ही पहिली भेट.

नेपल्सला आम्ही उतरलो. मी पुढे वही घेऊन. पण पाचच मिनिटांत वही मेव्हण्याच्या हातात गेली आणि तो माझ्याही पुढे. "भाऊजी, पुढं काय? किल्ला? चला." किल्ला झाला की "पुढं काय?" चर्च झालं की "पुढं काय?" बायको मागून गुडघा धरत येत होती. ती जवळ आली की त्याला पुढचं पान सापडायचं. दुसऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर मी दम खायला थांबलो आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या डोक्यात तो इतक्या उशिरा पडावा! एकही तास रिकामा ठेवू नका, हे त्यानं मला का लिहिलं होतं? त्याला नेपल्स पाहायचं नव्हतं. त्याला बहिणीला चुकवायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी भिंत मी सहा महिने नालवाडीत बसून विनामोबदला बांधली होती.

संग्रहालय बंद होतं. कोणत्या वारी कुठे काय बंद असतं, हा प्रश्न मी वकिलातीला विचारायलाच विसरलो होतो. तरी ठरल्याप्रमाणे दोनला आम्ही धक्क्यावर हजर. शिडीजवळच्या माणसानं हात आडवा केला. बोटीत तेल भरणं चालू होतं, तास-दीड तास कोणालाही वर घेणार नव्हते. धक्क्यावर दुसरे प्रवासी नव्हतेच. पाचच्या बोटीसाठी दोनला कोण येतं? गोदामाच्या सावलीत एक लांब लाकडी बाक होता. बायको त्यावर बसली आणि तिनं चप्पल काढली.

मेव्हण्यानं वहीचं पान उलटलं. दोननंतरची जागा कोरी होती.

"भाऊजी, आता काय?"

"आता काही नाही," मी म्हणालो. "आता वाट पाहणं."

तो उभाच राहिला. बायकोनं बाकावर शेजारी हात थोपटला, लहान पोराला बोलावतात तसा. तो बसला.

"तार केली होती तू," ती म्हणाली. "येतो म्हणून. मंग काऊन नाई आला?"

मी उठून पाण्याकडे जायला लागलो. "बसा तुमी," ती म्हणाली. मी बसलो. वर बघायला छत नव्हतं.

त्यानं वही मिटून बाकावर ठेवली. मग इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या तोंडून आष्टीची बोली आली.

"विमानतळावर गेलतो, बाई. ब्याग घेऊन बसलो. विमानाची वेळ झाली, लोकं उठले. मी नाई उठलो."

"काऊन?"

"आष्टीले उतरीन, अन् माय दारात नसन. मले ते पाह्यनं झालं नसतं."

मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही, चिडली. "मले झालं काय पाह्यनं? मले कोणी इचारलं? एक दिवस ठेवलं तिले तुह्यासाठी. बर्फ वितळून राह्यला, अन् मी पाणी पुसून राह्यली, अन् लोकं म्हणे, येते पोरगा, येते. डॉक्टर झाला तू! इतके मेलेले पाह्यते रोज."

"ते माहे नसते ना, बाई."

मी शेवेचा डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला. दुसरं काही सुचलं नाही. कोणी हात लावला नाही. थोड्या वेळानं शिडीवरच्या माणसानं हाक दिली. तो उठला, त्यानं तिची चप्पल तिच्या पायाजवळ सरकवली, आणि आम्ही वर गेलो. त्या दिवशी तो पत्ते खेळायला गेला नाही, पण डेकवरही आला नाही. बायको खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, सगळं बिघडलं. इतकी पानं लिहून मी दोघांना इथवर आणलं, ते यासाठी?

मधला एक दिवस नुसतं पाणी. मग अथेन्सचं बंदर. ती चार पानं माझी सर्वांत चांगली होती, त्यात डोंगरावरच्या पडक्या देवळाकडे जाणाऱ्या उतारावरचे दगडसुद्धा मोजून धरले होते. नाश्त्याच्या टेबलाशी मेव्हणा आला, परक्यांना नुसती मान हलवली आणि बहिणीला म्हणाला, "बाई, माय आजारी पडली तवा पह्यले काय झालं होतं तिले? ताप होता काय?"

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला.

"अथी नाई," ती म्हणाली. "खाली चाल. बाकबिक असन कोठीतरी." आणि मला, "तुमी जा वर. पाहून या तुमचे दगड."

बंदरावर त्यांना एका झाडाखाली बाक सापडला. मी एकटा निघालो. दोन चौक गेलो. पाय जड झाले होते, आणि ज्यांना दाखवायचं तेच मागे राहिलेले, मग डोंगरावर चढून मी ते कोणाला दाखवणार? एका कॉफीच्या दुकानासमोर खुर्ची होती तिच्यावर टेकलो. तिथे मला झोप लागली, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून, परदेशात. जागा झालो तेव्हा दुकानदार माझ्या डोक्यावरची छत्री उन्हाप्रमाणे सरकवत होता.

बाकाकडे परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बायको हातवारे करत सांगत होती. मेव्हणा गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होता, डोळे लाल. "मंग पेज पेली काय तिनं?" त्यानं विचारलं. "थांब ना, सांगून राह्यली ना मी," बायको म्हणाली, "मधात मधात बोलू नको." मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"झाले दगड?"

"झाले," मी म्हणालो. "झालं का तुमचं?"

"कायचं झालं! आमी अजून दुसऱ्याच दिवसावर हाय," ती म्हणाली. "नऊ बाकी हायत. जा, अजून थोडे हिंडून या."

मी वळलो आणि चालायला लागलो.