दुसरी महालक्ष्मी

"बापूभाऊ, भाऊजी गेले हो... पन दुसरी पुरी करून गेले."

गेल्या महिन्यात एका सकाळी कमलवहिनींचा फोन आला आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला हायसं वाटलं. सुधाकर माझा बालमित्र. कारंज्याच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता मूर्तिकार झालेला. वहिनी त्याच्या थोरल्या भावाच्या पत्नी, इंझोरीचं घर आणि घरच्या महालक्ष्म्या सांभाळणाऱ्या. 'दुसरी' कोण, हे सांगायलाच आज लिहायला बसलोय.

सुधाची आई गेल्यावर तिची पितळी भांडी मोडीत द्यायचं घरात घाटत होतं. हा पठ्ठ्या ती पोत्यात भरून कारंज्याला घेऊन आला. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बरेच महिने खुडबुड चालली आणि एक दिवस तिथे महालक्ष्मी उभी राहिली. आमच्याकडे धान्याच्या कोठीवर मुखवटा बसवून, लुगडं नेसवून महालक्ष्म्या मांडतात, त्याही कायम जोडीने. सुधाने लुगडं नेसवलंच नाही. पाण्याच्या गुंडाचं पोट, उलट्या परातीचा घेर, पळ्यांचे हात, सगळं उघडं, पोच्यांसकट. वर भाजलेल्या मातीचा मुखवटा आणि हनुवटीवर आईचा तीळ. मला तर दारातच 'काकू' म्हणून हाक मारावीशी वाटली. नागपूरच्या एका प्रदर्शनातही लोक तिच्यापुढे थबकले. सुधाची कॉलर ताठ झाली.

मग वहिनी पाहायला आल्या. मूर्तीपुढे उभ्या राहिल्या, इकडेतिकडे शोधलं आणि विचारलं, "दुसरी कुठं हाय?"

"आई एकच असते, वहिनी."

"मंग तिची महालक्ष्मी काहून केली? एकटी कोनी मांडते काय? आत्याबाईसंग जिंदगीभर चुलीपाशी मी होती ना!"

सासूची अशी आठवण देऊन त्या पाणीही न घेता एसटी स्टँडवर गेल्या. पुढे कित्येक वर्षं दीर-भावजयीचं बोलणं हो-नाहीपुरतंच उरलं. वहिनींना कला कळत नाही, असं सुधा वरवर म्हणायचा. देवीचा कोप परवडला पण भावजयीचा नको, असं मी त्याला चिडवायचो. पण त्या मूर्तीशेजारची जागा त्याने कायम रिकामी ठेवली होती आणि तिथे मी पिशवी टेकवली तरी उचलायला लावायचा.

त्याचा आजार कळला तेव्हा वहिनी पुन्हा आल्या, या वेळी पोतं घेऊन. त्यात त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातली भांडी. "घ्या भाऊजी. आत्याबाई लय दिवसापासून एकट्या उभ्या हायेत." सराटा, म्हणजे उलथनं, मात्र हातातून सुटेना. "हा माह्या रोजचा हाय..." असं म्हणत शेवटी तोही दिला. सुधा हसला. त्यांच्याशी बोलताना तो हसल्याला किती काळ लोटला होता!

एकट्याने जमेना त्याला. मी भांडं धरायचो, तो डाग देऊन सांधा जोडायचा. मला धाकधूक एकच होती... ही अर्धी राहिली तर वहिनींच्या मनाला तो सल जन्मभर राहील. मुखवटा झाल्यावर वहिनींनी तो निरखून पाहिला. "नाक लय मोठं केलं." "जसं हाय तसंच केलं," सुधा म्हणाला. दोघंही बराच वेळ हसत बसले आणि मी चहा टाकायला उठलो. हात जोडायचे तेवढे बाकी असताना मला घरी परतावं लागलं.

परवा इंझोरीला गेलो. माजघरात कारंज्याहून आणलेल्या दोघी शेजारी शेजारी उभ्या आहेत, सासू आणि सून. वहिनी धिरडी करत होत्या. तवा तापला तशा उठल्या, सरळ देवीच्या हातातला सराटा काढला, धुतला आणि धिरडं उलटलं. मी बघतच राहिलो.

"पाहून काय राह्यले? भाऊजींनंच हातात कडी बसवली, काढता यावा म्हनून."

पहिलं धिरडं दोघींपुढे ठेवलं, दुसरं मला वाढलं. मग सराटा घासूनपुसून पुन्हा त्या कडीत अडकवला आणि आपल्याच त्या मोठ्या नाकाच्या मुखवट्याला म्हणाल्या, "धर वं, उद्या लागते मले."