दापोड्याहून परत आणलेली मांजर

वज्रेश्वरीहून सुनंदाचा फोन आला तेव्हा मी बालवाडीतून नुकतीच घरी आले होते. "आई दुपारी झोपली, ती उठलीच नाही," एवढंच ती म्हणाली. तिच्याकडे अंगणात कोंबड्या कलकलत होत्या, माझ्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू होते. त्याला आता महिना होत आला. सुनंदाची आई म्हणजे आमच्या कामतघरच्या चाळीतल्या गायकवाड मावशी, माझ्या शेजारच्या दारातल्या. तीस वर्षं त्यांनी एका प्रसूतिगृहात आयाचं काम केलं. यजमान लवकर गेले, लेक वज्रेश्वरीला दिली, आणि निवृत्तीनंतर त्या दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या. एकट्या म्हणजे, माणसांच्या हिशेबाने एकट्या.

लग्न होऊन मी त्या चाळीत आले तेव्हा पहिले काही महिने सगळं झोपेत पाहिल्यासारखं वाटायचं. लूमची खडखड इतकी सारखी चालायची की काही दिवसांनी ती ऐकू येणंच बंद झालं. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असायचे. दुपारी उन्हाची तिरीप दारातून आत आली की ते दिसायचे, सावकाश, खाली यायची काहीच घाई नसल्यासारखे... ते मांजरांच्या पाठीवर बसायचे, त्यामुळे काळं मांजरसुद्धा संध्याकाळपर्यंत राखाडी होऊन जायचं. मांजरं पुष्कळ होती. जिन्याखाली, पत्र्यावर, कापडाच्या ताग्यांवर. कुणाचीच नव्हती. त्यातली एक सडपातळ तिरंगी मांजर मावशींच्या पायांना सारखी वेटोळं घालायची, म्हणून लूमवर सूत गुंडाळलेली कांडी असते ना, त्यावरून मावशी तिला कांडी म्हणायच्या.

माझी मुलगी सहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी पाळण्यात बघते तर कांडी तिच्या कुशीला लागून झोपलेली, आणि मुलीच्या गालावर बारीक ओरखडा. तो मुलीच्याच नखाचा असेल, आज मला तसं वाटतं. तेव्हा मात्र मी घाबरून सगळी चाळ गोळा केली. लोक आधीच वैतागलेले होते. दूध सांडतं, जिन्यात घाण होते, माजावर आली की रडतात. मांजरं पकडून दापोड्याच्या गोदामांकडे सोडायची असं ठरलं. मावशींनी फक्त एक महिना मागितला. मांजरांचं ऑपरेशन करून आणते, मग पिल्लं होणार नाहीत, भांडणं थांबतील, असं त्या समजावत राहिल्या. सगळ्यांत मोठ्या आवाजात नाही म्हणणारी मीच होते. आणि त्या दोन दिवसांसाठी सुनंदाकडे गेल्या तेव्हा मीच घाई केली. कांडीसकट पाच मांजरं गोणपाटात घालून, तागे पोचवायला जाणाऱ्या रफिकभाईंच्या टेम्पोत चढवली. रफिकभाईंचं मन नव्हतं. "भाभी, सोच लो," एवढं ते म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोडशेडिंग झालं. लाइट गेली की आमच्याकडे पहिल्यांदा यायची ती शांतता. एकेक लूम थांबत जायचा, आणि मग अंगावर पांघरूण पडावं तसं सगळं निवांत व्हायचं. मी मुलीला पाजत बसले होते. त्या शांततेत, अगदी वरून, माझ्याच घराच्या माळ्यावरून बारीक आवाज यायला लागला... मुलीला खाली ठेवून स्टुलावर चढले. जुन्या गोधडीत तीन पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. मी तशीच स्टुलावर उभी राहिले. खाली माझी मुलगी अर्धवट पिऊन रडत होती.

संध्याकाळी मावशी आल्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून मी वाट पाहत होते, पण त्यांनी पिशवीसुद्धा खाली न ठेवता विचारलं, "टेम्पो कोनाचा व्हता?" मग माझ्याच चुलीशी बसून कापसाच्या बोळ्याने त्या पिल्लांना पाजत राहिल्या.

सकाळी मुलीला सासूबाईंजवळ ठेवून आम्ही रफिकभाईंच्या टेम्पोतून दापोड्याला गेलो. मावशींच्या मांडीवरच्या टोपलीत एक पिल्लू होतं. तिथे एकसारखी गोदामं, लांबच लांब, पत्र्यांवर ऊन पसरलेलं, माणूस जवळजवळ दिसेना. आम्ही किती वेळ फिरलो कोण जाणे. सगळ्या गल्ल्या तीच गल्ली वाटायला लागली. मी हाका मारत होते. मावशी मात्र एका गोदामाच्या सावलीत बसल्या, टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि मला गप्प राहायला सांगितलं. पिल्लू रडू लागलं. त्या मोकळ्या उन्हात तो आवाज दोऱ्यासारखा लांब लांब जात राहिला... आणि लाकडी फळ्यांच्या ढिगाखालून कांडी बाहेर आली. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ टोपलीत शिरली.

बाकीच्या चारांतला एक बोका सापडला. तीन कधीच सापडली नाहीत.

परतताना मी माफी मागितली. मावशी रस्त्याकडे बघत होत्या. "मी तीस वरसं बाळंतिणींच्या खाटा लावल्या," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला कुनी गोणीत न्हाय घालत." पुढे बऱ्याच वेळाने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं तू माझ्यासंगती येशील."

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर जात राहिले. आठवड्याला एक मांजर, टोपलीत घालून, ठाण्याच्या डॉक्टरांकडे. कंडक्टर कुरकुरायचे, मावशी त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायच्या आणि तिकीट घ्यायच्या. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक डॉक्टर किंचित कापायचे, ओळखायला. कापलेला कान बघून चाळीतली माणसं आधी हळहळली, मग मोजायला लागली, मग स्वतःच सांगायला येऊ लागली की मावशी, त्या पांढरीचं राहिलंय. टाकीमागे रोज चारला खाणं ठेवायचं, अर्ध्या तासात जागा धुऊन टाकायची, हा त्यांचा नेम. स्वयंपाकघरात शिरणं थांबलं, जिन्यातलं रडणंही. कांडी मात्र म्हातारी होईपर्यंत माझ्याच माळ्यावर झोपायची, आणि खाली माझी मुलगी.

मागच्या वर्षी मावशींचे गुडघे पार गेले तेव्हा सुनंदा त्यांना घेऊन गेली. मी दिवाळीनंतर भेटून आले. कोणकोण आहे, कुणाचा कान बघायचा राहिलाय, एवढंच त्यांनी विचारलं. स्वतःविषयी काही नाही.

त्यांची एक सवय होती. थंडीत मांजरं गाड्यांच्या इंजिनजवळ उबेला जाऊन झोपतात. म्हणून दूध आणायला निघालेल्या मावशी गल्लीतल्या प्रत्येक उभ्या गाडीवर दोनदा थाप मारत जायच्या आणि क्षणभर थांबायच्या. कुणी हसायचं. मग हळूहळू गाडीवालेच तसं करायला लागले.

परवा सकाळी दारात उभी होते. त्यांच्या खोलीत आता नवं बिऱ्हाड आलंय, रिक्षा चालवणारा माणूस, महिन्याभरापूर्वी आलेला. मावशींना त्याने कधी पाहिलं नाही. त्याने रिक्षाच्या मागच्या बाजूला दोन थापा मारल्या आणि थांबला. कशासाठी, मी विचारलं.

"पता नहीं, भाभी. यहाँ सब ऐसे ही करते हैं," तो म्हणाला. खाली वाकून बघितलं, आणि मग रिक्षा सुरू केली.