डाव्या टाचेचा ब्रेक

आक्का गेली तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो. आठ महिने तिच्या उशापायथ्याशी काढले, औषधं दिली, कूस बदलली, चमच्यानं पेज भरवली, आणि नेमकी त्याच सकाळी बायको म्हणाली, अहो, दाढी किती वाढलीय, जरा जाऊन या. अर्ध्या गालाला साबण होता आणि तिचा फोन आला. "घरी या," एवढंच बोलली. मी तोंड पुसलं आणि चालत निघालो. घाई केली नाही. खरं सांगायचं तर परतूरच्या त्या रस्त्यानं चालताना मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतंच... आता झोप मिळेल, असं आलं. लाज वाटली, पण आलं. ज्यांच्या घरात कुणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून होतं ते मला समजून घेतील. बाकीच्यांनी नावं ठेवली तरी चालेल.

आक्का माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत मेहुणे गेले. मग ती नर्सिंग शिकली आणि तीर्थपुरीकडच्या एका उपकेंद्रावर लागली ती तिथूनच रिटायर झाली. सगळा मुलूख तिला नर्सबाई म्हणायचा. बाई सायकलवर बसली म्हणून सुरुवातीला माणसं पारावरून उठून बघायची. पुढं पुढं तीच माणसं तिची वाट बघायला लागली. सायकल जुन्या पद्धतीची, काळी, सळईच्या ब्रेकची. हे ब्रेक कधी नीट लागल्याचं मला आठवत नाही. उतार आला की आक्का डावा पाय खाली सोडायची आणि टाच रस्त्यावर घासत थांबायची. त्यामुळं तिची डावी चप्पल कायम झिजलेली. उजवी नवीकोरी आणि डावीची टाच कागदासारखी. चांभार तिथं टायरचा तुकडा ठोकून द्यायचा, तोही दोन महिन्यांत जायचा. मी किती वेळा म्हणालो की अगं, ब्रेक करून घे. ती म्हणायची, "ब्रेक कशाला, चप्पल हाय की."

एकदा मी कामावरून, कापसाच्या जिनिंगमधून, चार दिवस सुट्टी काढून तिच्याकडं गेल्तो. मोठ्या ऐटीत तिची सायकल घेतली आणि कालव्याच्या पुलावरून उतारावर सोडली. ब्रेक दाबला तर मूठ सरळ आत गेली, सायकलला त्याचं काहीच नाही. पायात काही नव्हतं. मी थेट बाभळीच्या कुंपणात. आक्कानं मला ओट्यावर पालथं पाडलं आणि तिच्या दवाखान्याच्या चिमट्यानं तासभर काटे काढले. हसून हसून तिचा हात थरथरत होता, त्यामुळं काटे काढताना जास्त दुखलं. उपकेंद्रावरच्या दोन बाळंतिणी दारातून बघून राह्यल्या होत्या. मी संतापून म्हणालो की जीव गेला असता माझा. तर म्हणे, चपला घालून जायचं ना!

अशी ती. लुगड्याचा परकर, परकराचं फडकं, फडक्याचं पोतेरं. घरात वस्तू मरेपर्यंत वापरायची आणि मेल्यावरही थोडी वापरायची. फक्त एका बाबतीत ती ऐकायची नाही. बाळाची नाळ कापायला ब्लेड नवंच पाहिजे. आडवळणाच्या वस्तीवर, कंदिलाच्या उजेडात, कुणी म्हणायचं की बाई, हे धुतलेलं आहे, एकदाच वापरलंय, तर ती ते ब्लेड बाहेर फेकून द्यायची आणि पिशवीतलं स्वतःचं काढायची. आपल्याला काहीही चालतं, दुसऱ्याच्या जिवाला जुनं चालत नाही, असं तिचं होतं. हे मला माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही एवढंच.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी टेम्पो करून तिला परतूरला आणली. खाट नको, भांडी नकोत, पण सायकल टेम्पोत टाक म्हणून हटून बसली. टाकली. उतरवताना मला म्हणाली, "दत्ता, ब्रेक बसव हिचे." मी हो म्हणालो. आठवड्यानं पुन्हा तेच. मग रोज. वाणी जड झाली होती, लांब वाक्य तिला बोलता यायचं नाही, आणि लांब ऐकायची ताकद माझ्यात उरली नव्हती. शेवटी कटकट नको म्हणून सायकल रशीदभाईकडं नेली. रशीदभाईचं सायकलचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला, माझ्या लहानपणापासून. त्यानं चाक फिरवलं, सळई हलवून पाहिली, बोटानं रिम चाचपली. रबरं गेलीत, सळया वाकल्यात, पिना ढिल्या झाल्यात. मला म्हणाला, "दत्ताभाऊ, घरात ठेवायची असंल तर दुरुस्ती करून देतो. चालवायची असंल तर सगळं बदला. अन् हा सेट परतुरात भेटणार न्हाई, जालन्याहून आणावा लागंल."

कोण चालवणार आहे? मी सायकल तशीच घरी आणली आणि जिन्याखाली पोत्यानं झाकून ठेवली. त्या दिवशी आक्काला ताप होता, चादर दोनदा बदलावी लागली होती, माझी कंबर धरली होती. तिनं परत विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "आक्का, तुला आता कुठं जायचंय सायकलवर?" मान वळवता येत नव्हती म्हणून तिनं फक्त डोळे वळवले. मग मलाच वाईट वाटलं आणि मी म्हणालो, झाले गं ब्रेक.

"दुरुस्त केले का बदलले?"

"बदलले."

"दाबून पाह्यलं?"

"पाह्यलं."

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बराबर." त्यानंतर ब्रेकचं नाव काढलं नाही. मला वाटलं, चला, एक बला टळली.

तेराव्याला मंगल आली. मंगल म्हणजे तीर्थपुरीच्या पुढच्या वस्तीवरची आशाताई. आक्काच्या हाताखाली शिकलेली, पस्तिशीतली बाई, घरची चार मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. आठ महिन्यांत ती चार-पाच वेळा येऊन आक्कापाशी बसून गेली होती. दोघी काय बोलतात ते मी कधी ऐकलं नाही. ती आली की मी आडवा व्हायचो. जेवणं झाल्यावर ती दारात घुटमळली आणि म्हणाली, "मामा, बाईंनी सायकल मला देली म्हणून सांगितल्तं. वस्त्या पायी करते ना मी... आज न्यावी का?"

मी जिन्याखालून सायकल ओढून काढली. माझ्या अजून डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मंगलनं आधी ब्रेकची मूठ दाबली. मूठ दांड्याला जाऊन टेकली. तिनं परत एकदा दाबली. मी म्हणालो, जाताना बाईंनी आणखी काही सांगितलं होतं का? तिनं खाली पाहून सांगितलं. "म्हणल्या, माझा भाऊ म्हंतो ब्रेक झाले. पण तू नेताना दाबून पाह्य."

पायरीवर बसलो मी. आक्काला सगळं कळलं होतं. ज्यानं सायकलच्या कामाला हात लावला त्याच्या नखात काळं राहतं, आणि माझी नखं स्वच्छ होती. तिला स्वतःला कुठंच जायचं नव्हतं. ती मंगलचे ब्रेक मागत होती, आणि मी तिला विचारलं होतं, तुला कुठं जायचंय. आपल्या भावाला तिनं खोटं पाडलं नाही. फक्त मंगलचा जीव माझ्या शब्दावर सोडला नाही. बाभळीचं कुंपण मला माहीत होतं, कालव्याचा उतारही मलाच माहीत होता, आणि तरी मी... मंगलला म्हणालो, पंधरा दिवसांनी ये.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. मंगलला दुसरी सायकल घेऊन देऊ, ही दुरुस्त करून घरात राहू द्या, आक्कांची आठवण. मलाही ते पटायला लागलं होतं. ब्रेकच्या डाव्या मुठीवर आक्कानं दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती, थंडीत लोखंड टोचतं म्हणून. ती मळून काळी झालेली, तिच्या चार बोटांच्या खुणा बसलेली. दोन रात्री विचार केला. मग पॅसेंजर पकडून जालन्याला गेलो, जुन्या जालन्याच्या गल्ल्या तुडवल्या. चौथ्या दुकानात पोटमाळ्यावरून सेट निघाला. रशीदभाई काम करत होता आणि मी पाने धरून त्याच्याजवळ उकिडवा बसलो होतो. तो म्हणाला, मूठ चांगली हाय, जुनीच ठेवू? चिकटपट्टीकडं पाहिलं आणि जीव तुटला माझा. म्हणालो, ठेवू नका. सगळं नवं टाका. जुनं सामान त्याच्या भंगारात पडलं ते मी उचललं नाही.

पुढचा ब्रेक दाबून पाहिला. मागचा पाहिला. पन्नास वेळा पाहिलं असेल, रशीदभाई हसायला लागला. घरी आलो आणि हात धुवायच्या आधी सरळ आक्काच्या खोलीत गेलो, दाखवायला. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

मंगल आली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, गल्लीत एक चक्कर मारली. तिच्या गावाकडचा टेम्पो आल्ता, त्यात सायकल चढवली. बायकोनं आक्काच्या चपला पुढं केल्या, आजारी पडण्याआधी आठ दिवस घेतलेल्या. मंगल डोळे पुसत म्हणाली, "नको मामी. ब्रेक हायेत की आता."

म्हणून चपला अजून आमच्या दाराशीच आहेत. सकाळी झाडताना बायको उचलते, परत तिथंच ठेवते. मी पेपर वाचत बसतो आणि नजर जाते. आक्काची ही पहिलीच जोडी, जिच्या दोन्ही टाचा सारख्या आहेत.