राखणदाराची घुंगरमाळ

गोंदियाजवळच्या फुलचूरला ओमेश्वर रहांगडाले सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे. सरांच्या मागं सगळे हसतात. कारण काय, तर हा माणूस कुणाचं चुकलेलं काम स्वतःहून कधी दुरुस्त करत नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो आणि विचारतो, "मी बदलू का?" समोरचा हो म्हणेपर्यंत माऊसला बोट लावणार नाही. एक बाई वैतागून म्हणाल्यासुद्धा, "सर, कर दो ना, पूछते क्या हो!" तरी नाही. लोक म्हणतात तऱ्हेवाईक आहे. म्हणोत बापडे. पण हे विचारणं कुठून आलं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला काही हसू येत नाही.

दोन हजार नऊची गोष्ट. क्लास नवीन होता आणि दुपारभर रिकामा असायचा. त्या रिकाम्या वेळात ओमेश्वरनं एकट्यानं गेम बनवायला घेतला. जंगलाच्या तोंडाशी एक राखणदार उभा, हातात कुऱ्हाड. त्याला हरवल्याशिवाय आत पाऊल नाही. राखणदार पाय आपटायचा, त्याच्या पायातली घुंगरमाळ छन्न वाजायची आणि लगेच कुऱ्हाड यायची. त्या नेमक्या क्षणी बटण दाबून कोलांटी मारली तर वाचलात, नाहीतर गेलात. असे दहा घाव चुकवले की गडी थकून पडायचा.

मित्र मुन्नालालनं पंधरा वेळा मार खाल्ला आणि हात जोडले. "भाई, इतना मुश्किल कौन खेलेगा?"

"मुश्किल आहे, पण बेइमान नाही," ओमेश्वर म्हणाला. "मेला तर खेळणाऱ्याला कळते, चूक आपलीच झाली. माझा राखणदार कोणाले फसवत नाही." हे त्याचं ब्रीदच होतं म्हणा ना.

घुंगराचा तो आवाज मात्र घरचा होता. ओमेश्वरचे वडील मनोहरलाल जवानीत शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलजोडी हाकायचे. बैल गेले, पण त्यांची घुंगरमाळ नागरा गावातल्या घरी खुंटीला होती. तीच वाजवून ओमेश्वरनं आवाज भरून घेतला होता. म्हातारा तो आवाज ऐकून शेतातून आल्या पायी लॅपटॉपपाशी आला. "हे तं आपल्या जोडीची माळ होय! दे बे मले तो रिमोट." खेळायच्या बटणांच्या कंट्रोलरला म्हातारा रिमोटच म्हणायचा.

झालं! त्या दिवसापासून बापलेकांचं एक नवंच नातं सुरू झालं. तोवर त्यांचं बोलणं म्हणजे "जेवला का" आणि "मोटर बंद केली का", एवढंच. आता मनोहरलाल पलंगावर बसून रोज मार खायचे. मान जरा तिरपी, तोंड भलतीकडे, आणि वरून हुकूम, "आवाज वाढव बे!" ओमेश्वरला वाटायचं, शेजाऱ्यांना ऐकवायची हौस. बाजूला आई गिरजाबाई, ओमेश्वर त्यांना 'बाई'च म्हणायचा, शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. महिनाभर मार खाऊन एक दिवस म्हाताऱ्यानं राखणदार पाडला. काय तो आनंद! गावातल्या चहाच्या टपरीवर कुऱ्हाडीचा एकेक घाव सांगितला. ऐकणाऱ्यांना वाटलं, जंगलात खरंच काही झालं. पुढं पुढं दहातले सहा डाव ते जिंकू लागले.

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. गोंदियाच्या डॉक्टरनं रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले. तो चेंडू त्यांनी पलंगाखाली भिरकावला आणि डावा हात पुढे केला. "रिमोट दे. डोकं शाबूत आहे का नाई, ते पाहू दे." सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. हात गेला तर गेला, डोकं जायला नको.

डाव्या अंगठ्यानं दोन दिवस ते हरले, पण थोडक्यात. तो थरथरता अंगठा ओमेश्वरला बघवेना. बाप झोपल्यावर त्यानं गुपचूप गेम उघडला आणि कुऱ्हाडीचा घाव जरा उशिरा पडेल असं केलं. बाबाला वेळ मिळेल, एवढाच विचार. सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर म्हातारा रागावला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मनोहरलालांना पहिलाच घाव लागला. दुसऱ्या डावातही तेच. दहाच्या दहा डाव गेले. दुखणं वाढतंय, असं समजून ओमेश्वरनं घाव आणखी उशिरा केला. म्हातारा आणखीच मार खाऊ लागला. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी रिमोट उशाशी ठेवला.

"ओमू, माझं डोकं गेलं रे."

"नाई बाबा, होईल बरोबर."

"गेलं म्हणतो ना."

त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चेंडू नको, चालणं नको, जेवण नको. होळीच्या आधीच ते गेले.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घर खायला उठलं होतं. ओमेश्वरनं लॅपटॉप उघडून उगाच खेळ लावला. गिरजाबाई नेहमीच्या जागी शेंगा सोलत होत्या. राखणदारानं पाय आपटला, छन्न झालं, आणि त्यांनी मान वर केली.

"हे चुकून राहिलं. घुंगरू वाजला का लगेच कुऱ्हाड पडे. आता मागून येऊन राहिली."

"तुले काय समजते बाई त्यातलं?"

"तीन वर्षं ऐकलं ना मी. तुझे बाबा कुठं पाहत होते? मोतीबिंदूनं त्यायले त्या डब्यातलं काहीच दिसत नव्हतं. ऑपरेशनच्या भेवानं तुले सांगत नव्हते. घुंगरू वाजला का बटण दाबत, बस."

ओमेश्वरनं खेळ थांबवला. त्यानं कुऱ्हाड उशिरा केली होती, घुंगरू तिथंच राहिला होता. पाहून खेळणाऱ्याला सोपं झालं असतं. ऐकून खेळणारा घुंगरावर विसंबून वेळेआधीच उडी मारत होता आणि उभा राहताच घाव खात होता. बापाचं डोकं शेवटपर्यंत बरोबर चाललं होतं. फसवलं होतं राखणदारानं.

त्यानं घावाच्या वेळेचा जुना आकडा परत घातला. डोळे मिटले. छन्न झालं की दाबलं, पुन्हा छन्न, पुन्हा दाबलं. दहा घाव चुकले आणि राखणदार पडला.

"हं, हे बरोबर," गिरजाबाई म्हणाल्या. "पण बिघडवलं होतं कोनं?"

"मीच, बाई. बाबाले सोपं जावं म्हणून."

गिरजाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. त्या म्हणाल्या,

"मंग त्यायले सांगितलं काऊन नाई रे? स्वतःले येडा समजून गेले ना ते."